जोडीच्या बाई

॥ श्री ॥

४ ऑगस्ट

चि. ठकीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पाकीट काल दुपारी पोचलं. आत निघालं ते असं: पत्र, पानं सहा. वर्गाचा फोटो एक. मुलांनी रंगवलेलं कार्ड एक. माझ्यासाठी चष्मा पुसायचं फडकं एक. तिकिटं कमी लावली होतीस म्हणून पोस्टमनने दंडाचे चौदा रुपये घेतले. पावती मागितली तर म्हणतो, "काकू, चौदा रुपयांची कसली पावती?" मी म्हटलं, "चौदाची देत नाहीस, तर चौदाशेची काय देशील?" पावती घेऊनच दार लावलं. पुढच्या वेळी पाकीट तोलून तिकिटं लाव आणि पानाच्या दोन्ही बाजूंना लिहीत जा. निम्मा कागद कोरा पाठवायला टपालखर्च कशाला?

पत्र दोनदा वाचलं आणि अंगाचा तिळपापड झाला. शाळा सुटल्यावर मुलांना इंग्रजी शिकवायला तुला त्या क्लासवाल्यांनी इतक्या लांब बोलावून नेलं. तू घर सोडून गेलीस. आणि तिथे तुझ्या जोडीला म्हणून जी तिथलीच बाई दिली आहे, ती तुला शिकवूच देत नाही म्हणजे काय? तू इंग्रजी बोलायचं, तिने मुलांना सांभाळायचं, अशी वाटणी ठरलेली असताना ही बया तुझं वाक्य पुरं व्हायच्या आत ते आपल्या भाषेत करून मोकळी होते. मग मुलं तुझ्याकडे कशाला बघतील? तू मुलांना जागेवर बसवायचंस आणि तिने उठवून भलतीकडे बसवायचं. शिवाय रोज सव्वाचारला वर्ग सोडून जायचं ते पाचला उगवायचं. पगार पूर्ण घेत असेल ना?

फोटोत मागे भिंतीला टेकून, हातात यादी घेऊन उभी आहे तीच ना? मी न सांगता ओळखली. तुझे काका म्हणाले, "अगं, एकच बाजू ऐकून निकाल देतेस." मी म्हटलं, आपलं माणूस सांगतंय ती बाजू मला पुरते.

आता माझं ऐक. भांडू नकोस. एक वही घाल. तारीख, वेळ, काय घडलं, तिने काय केलं. रोजचं रोज. आणि हाती लागेल तो कागद जपून ठेव. गॅसवाला मला दोन वर्षं टोलवत होता, तेव्हा अकरा महिन्यांच्या पावत्या त्याच्या टेबलावर ओतल्या आणि त्याची बोलती बंद केली. तोंडाने सांगितलेलं कोणी ऐकत नाही, कागद दाखवला की खुर्ची देतात.

ताईला यातलं अक्षर सांगितलेलं नाही. तुझी आई अख्ख्या इमारतीला सांगत फिरते आहे की मुलगी परदेशात शिक्षिका आहे. तिचा आनंद कशाला नासवायचा? देवाला सांगितलं आहे, तेवढं पुरे.

तुझी मावशी


२३ ऑगस्ट

ती. मावशीस साष्टांग नमस्कार.

हे पाकीट पोस्टातल्या काट्यावर तोललं आहे आणि पानं दोन्ही बाजूंनी भरली आहेत. आता बोल.

वही घातली. तुला वाचायला मजा येईल म्हणून थोडं उतरवते. मंगळवार: मी "उभे राहा" म्हटलं, जोडीणबाईंनी भाषांतर केलं. मी "बसा" म्हटलं, भाषांतर केलं. मी शिंकले, तेवढं सोडलं. बुधवार: दोन वेण्या घालणारी एक मुलगी आहे, तिला मी माझ्या डाव्या हाताला बसवलं होतं. हिने न विचारता तिला उचलून उजवीकडे पहिल्या खुर्चीवर नेलं. कारण विचारलं तर स्वतःच्या कानाला बोट लावून हसली. म्हणजे मी ओरडते, मुलांचे कान किटतात, असं. गुरुवार: सव्वाचारला नेहमीप्रमाणे पसार. त्यात शेजारच्या वर्गातली पंधरा मुलंही माझ्याकडे आणून सोडलेली. एकतीस मुलं, खुर्च्या सोळा. निम्मी खाली जमिनीवर, पाठीला दप्तरं तशीच. पाचला ही परत आली ती मान खाली घालून सरळ फळा पुसायला लागली, जसं काही घडलंच नाही.

तू म्हणशील, तोंड आहे ना, विचार. अगं, तिला इंग्रजी वाचता येतं, पण लिहिता-बोलताना दोन शब्दांवर अडते. मला तिची भाषा येत नाही. दोघींचा संसार सगळा हातवाऱ्यांवर चालला आहे.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. सुटायच्या वेळी ती बुटांच्या मांडणीवर वही टेकवून घाईघाईने चिठ्ठ्या लिहिते आणि एकेका मुलाच्या दप्तरात घालते. तीन ओळी. सगळं त्यांच्या लिपीत, मधे माझं नाव तेवढं इंग्रजी अक्षरांत. काय आहे विचारलं तर म्हणाली, "होम. मदर." आणि हात हलवला. म्हणजे मुलांच्या आयांना रोज माझ्याबद्दल कळवणं चाललं आहे, आणि मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही.

मावशी, मी वेगवेगळ्या दिवशी मिळून सहा चिठ्ठ्या काढून घेतल्या. मुलं हात धुवायला गेली की, त्यांच्या दप्तरांतून. पहिल्या दिवशी घरी येऊन रात्रभर कसंतरी वाटलं. पण तूच म्हणालीस, कागद जपून ठेव. त्यातली एक सोबत पाठवते. तिकडे कोणी वाचणारं मिळालं तर बघ.

आईला पत्रात लिहिलं आहे की सगळं छान चाललं आहे.

तुझी ठकी


॥ श्री ॥

६ सप्टेंबर

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

पत्र एक, चिठ्ठी एक, दंड काही नाही. शाबास.

चिठ्ठी घेऊन आधी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "काकू, अक्षर सुरेख आहे." मी म्हटलं, अक्षराला मार्क द्यायला नाही आणली, मजकूर सांग. त्याला येत नाही. बँकेतल्या साहेबांना दाखवली, त्यांनी उलटी धरून वाचायचा प्रयत्न केला. शेवटी मीच डोकं चालवलं. तीन ओळींत तुझं नाव दोनदा आलं आहे. चांगलं सांगायचं असेल तर माणसाचं नाव एकदा घेतलं तरी भागतं. दोनदा घेतलं की ती तक्रार. मी सोसायटीच्या सेक्रेटरीविरुद्ध अर्ज लिहिते, तेव्हा त्याचं नाव दोनदाच येतं. दुसऱ्या ओळीखाली तर तिने रेघ मारली आहे. चांगल्या गोष्टीखाली कोणी रेघ मारतं का?

मला राग याचा येतो की ती समोर तुझ्याकडे बघून हसते. फळा पुसते, खडू उचलून देते आणि जाता जाता आयांचे कान भरते. तू एवढी लांब एकटी पडलेली, ती तिच्या गावात, तिच्या भाषेत, तिच्या माणसांत. तिला कसली भीती आहे तुझ्याकडून? तुझी नोकरी गेली तर तिला काय बक्षीस मिळणार आहे?

आता थांबू नकोस. क्लास चालवतात त्या मोठ्या बाईंसमोर वही आणि उरलेल्या पाच चिठ्ठ्या ठेव. त्यांना ती लिपी वाचता येते, त्यांचं त्यांना कळेल. तू बोलायला कचरतेस हे मला तू फ्रॉकात होतीस तेव्हापासून ठाऊक आहे, म्हणून बोलू नकोस, नुसतं ठेव. माझ्या परीने जे करायचं ते मी केलं आहे. काय ते विचारू नकोस.

संध्याकाळी देवासमोर दिवा लावताना तुझं नाव घेतलं. तिचं नाव तू कधी लिहिलं नाहीस, म्हणून तिचा फोटो दाखवला. देवाला ओळख पटली असेल.

तुझी मावशी


३० सप्टेंबर

ती. मावशीस साष्टांग नमस्कार.

झालं. गेल्या गुरुवारी वही आणि चिठ्ठ्या नेऊन ठेवल्या. मोठ्या बाईंचं ऑफिस म्हणजे काचेची खोली, टेबलावर दोन फोन आणि भिंतीला चकचकीत जाहिरात: दर सोळा मुलांमागे दोन शिक्षिका. त्यांनी वही चाळली, हसल्या. मग उभ्याउभ्याच चिठ्ठ्या वाचायला घेतल्या. तिसरी वाचताना खाली बसल्या. चौथी दोनदा वाचली आणि त्यांच्या तोंडाचा रंग बदलला.

मी म्हटलं, "काय लिहिलंय त्यात?"

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका. हे तुम्ही आणून दिलंत, फार बरं केलंत."

"पण माझ्याबद्दल आहे ना?"

"आम्ही बघतो," म्हणाल्या आणि चिठ्ठ्या ड्रॉवरमध्ये टाकल्या. तासाभराने मला परत बोलावलं. टाइप केलेला कागद समोर ठेवला. जोडीच्या शिक्षिकेच्या वागण्यामुळे वर्गाचं नुकसान होतं, ती वर्ग सोडून जाते, पालकांशी परस्पर पत्रव्यवहार करते, असं होतं. खोटं काही नव्हतं. मी सही केली. डिसेंबरात पुढच्या वर्षाचा करार करू, असंही म्हणाल्या.

शुक्रवारी तिला काढलं. मला वाटलं होतं समज देतील, वर्ग बदलतील. ती आपली पिशवी न्यायला वर्गात आली तेव्हा मी पाठमोरी होऊन फळ्यावर तारीख लिहीत बसले. ती माझ्या टेबलावर मुलांची यादी ठेवून गेली. प्रत्येक नावापुढे पेन्सिलीने छोटी चित्रं काढलेली: कुठे कान, कुठे पाण्याचा थेंब, कुठे कुलूप, कुठे बूट. मला काही अर्थ लागला नाही. वर्गातून जाताना एकदा कानाला हात लावून दाखवला, पहिल्यासारखाच. या वेळी हसली नाही.

आता भाषांतर नाही, चिठ्ठ्या नाहीत, मुलं माझ्याकडे बघतात. फक्त अजून दुसरी कोणी आलेली नाही, त्यामुळे रोजच एकतीस. काल एक मुलगा दार धरून अर्धा तास रडला आणि मला कळेना काय हवं आहे. दोन वेण्यांवालीला मी परत माझ्या पहिल्या जागी बसवलं. ती मात्र आता काहीच बोलत नाही. प्रश्न विचारला की शेजारणीच्या तोंडाकडे बघते. लक्ष नसतं.

जिंकले म्हणायचं. तसं वाटत नाही एवढंच.

ठकी


॥ श्री ॥

१४ ऑक्टोबर

चि. ठकीस आशीर्वाद.

पत्र पोचलं. देवाने पाहिलं, असं वाचतावाचता मोठ्याने म्हणाले. काका म्हणाले, "देवाला आणखी बरीच कामं आहेत." त्यांच्याकडे मी लक्ष दिलं नाही.

पण तुझं पत्र दुसऱ्यांदा वाचलं आणि मला जुळेना. त्या मोठ्या बाईंच्या भिंतीवर काय लिहिलं आहे? सोळा मुलांमागे दोघी. तू लिहितेस, एकतीस मुलांमागे एकटी. तिला काढून पत्र लिहीपर्यंत पाच दिवस झाले, कोणी आलं नाही. आणि ती होती तेव्हासुद्धा शेजारची पंधरा तुझ्याच गळ्यात होती. मग शेजारच्या वर्गाची शिक्षिका कुठे आहे? ती आहे तरी का? आई-बाप दोन बायकांची फी भरतात आणि काम एकीकडून करून घेतात, ही कुठली रीत? माझ्या घरी दूधवाल्याने लिटर सांगून पाऊण घातलं तर मी भांडं त्याच्या डोक्यावर उपडं करीन.

मला असं वाटायला लागलं आहे की त्या बाईला काढलं ते तुझ्यासाठी नव्हेच. त्यांना काढायचीच होती, निमित्त तू नेऊन दिलंस. आणि मीच न्यायला सांगितलं.

दोन गोष्टी कर. सही केलीस त्या कागदाची नक्कल माग. वाचल्याशिवाय सही करत नाहीस हे ठीक, पण नकलेशिवाय सही करणारी तू आमच्या घरातली पहिलीच. आणि चिठ्ठ्यांत काय होतं ते विचार. जिचं नाव दोनदा आलं तिलाच मजकूर सांगत नाहीत, हा कुठला न्याय? ड्रॉवरमध्ये टाकण्यासारखं त्यात काय होतं? कोणीतरी तुझ्याच गावात असेल की इंग्रजी बोलणारं, त्याला धर. आणि ती वेण्यांवाली मुलगी आधी बोलत होती ना? मग आता का बोलत नाही, हे बघ. लक्ष नसतं म्हणून मूल गप्प होत नाही, लक्ष नसलं तर ते बडबडतं.

लवकर लिही. मला झोप नीट लागत नाही.

तुझी मावशी


२ नोव्हेंबर

ती. मावशीस,

नमस्कार लिहायला हात होत नाही, पण लिहिते.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात दोन वेण्यांवालीची आई क्लासच्या जिन्यात मला भेटली. दवाखान्यात नर्स आहे, इंग्रजी चांगलं बोलते. तिने मला पहिलं काय विचारलं असेल? "टीचर, चिठ्ठ्या का बंद झाल्या?"

मी म्हटलं, कोणत्या चिठ्ठ्या, जशी काही मला ठाऊकच नाहीत. तर तिने पर्समधून गड्डी काढली, रबर लावून ठेवलेली. तिने एकही फेकलेली नव्हती. जिन्याच्या पायरीवर बसून तिने मला वाचून दाखवल्या. मी तुला आठवतात तशा लिहिते; 'टीचर' आहे तिथे तिने माझं नाव लिहिलं होतं.

"टीचर नवी आहे, फार लांबून आली आहे. तिचा आवाज मोठा आहे, पण ती रागावत नाही. मुलांना घरी सांगा."

"आज टीचरने पाणी मागायला शिकवलं. घरी जेवताना मुलीने आपल्या भाषेत मागितलं तर लगेच देऊ नका, टीचरसारखं मागू द्या." याच्याखाली रेघ होती, मावशी. चांगल्या गोष्टीखाली.

"तुमची मुलगी आज पूर्ण वाक्य बोलली. टीचरने टाळी वाजवली. तिला डाव्या कानाने कमी येतं, म्हणून मी तिला टीचरच्या उजव्या हाताला बसवते, म्हणजे उजवा कान टीचरकडे राहतो. टीचरला सांगायचा प्रयत्न केला आहे."

आणि ही: "आज पुन्हा मला ऑफिसात बसवून राहिलेल्या फीसाठी फोन करायला लावले. पाऊण तास एकतीस मुलं एकट्या टीचरकडे होती. मुलाची वही रिकामी दिसली तर तिला बोल लावू नका, तिचा दोष नाही."

ही त्या दिवशी सगळ्यांच्या दप्तरात घातली होती, म्हणजे मी काढलेल्यांतही ती होतीच. हीच मोठ्या बाईंनी दोनदा वाचली. ती सव्वाचारला कुठे जायची ते मला आता कळलं. मी ते वहीत रोज तारीखवार लिहून ठेवत होते, ज्यांनी तिला बोलावून नेलं त्यांनाच नेऊन दाखवण्यासाठी.

नर्सबाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी चिठ्ठ्यांना परत रबर लावलं. म्हणाल्या, "सात वर्षं होती ती इथे. या महिन्यात कायम होणार होती. आता दाखल्यावर लिहिलंय की परदेशी शिक्षिकेची लेखी तक्रार आहे. दुसऱ्या कुठल्या क्लासात कोण घेईल? आमच्याकडे दवाखान्यात चादरी मोजायला लागली आहे."

मी दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंकडे गेले. म्हटलं, माझी चूक झाली, मला मजकूर ठाऊक नव्हता, माझा कागद परत द्या. त्यांनी फाइल उघडली. माझी वही होती, सही होती. मग त्यांनी तिसरा कागद काढला.

"पण तुमच्या घरच्यांनीच लेखी मागणी केली होती."

रेघांचा कागद, डाव्या बाजूला तारखेचा रकाना, दोन्ही बाजूंना लिहिलेला. मला वाचायचीसुद्धा गरज नव्हती, पण वाचला. सदर स्त्री कामचुकार व कपटी असून तिला आमच्या मुलीच्या वर्गातून तात्काळ दूर करावे. तुझं इंग्रजी चांगलं आहे, मावशी. एकही चूक नव्हती. तारीख पाच सप्टेंबर. म्हणजे मला पत्र लिहिण्याच्या आदल्या दिवशी. मी तुला घरातलं बोलावं तसं लिहिलं होतं. तू ते परक्याच्या टेबलावर नेऊन ठेवलंस, आणि मला म्हणालीस, विचारू नकोस.

मोठ्या बाई म्हणाल्या, कागद मागे घेतलात तर डिसेंबरचा करार होणार नाही. करार नाही तर राहायचा परवाना नाही. "दोघींपैकी एकीचं नुकसान झालंच आहे. दुसरीचं कशाला करून घेता?" हे त्या अगदी प्रेमाने बोलल्या. त्या प्रेमाचाच मला जास्त संताप आला.

वेण्यांवाली आता पुन्हा उजवीकडे बसते. काल बोलली. थेंब म्हणजे ज्याला बाथरूमला जायचं सांगता येत नाही तो, कुलूप म्हणजे जिला बंद दाराची भीती वाटते ती. बुटाचा अर्थ अजून लागलेला नाही. सगळं चित्रांत लिहून दिलं होतं तिने, तिला काढायला लावणारीसाठी.

मी कागद मागे घेणार आहे. खरं काय ते लिहून काढलं आहे, सोमवारी देणार. नर्सबाई म्हणतात, इतर घरांतही चिठ्ठ्या आहेत, त्या पालकांना घेऊन येतील. येतील की नाही माहीत नाही. त्यानंतर मला जोडीच्या बाईंच्या घरी जायचं आहे. नर्सबाईंनी पत्ता दिला आहे.

मी काय करावं ते या वेळी लिहू नकोस. तू सांगितलेलं सगळं मी केलं.

ठकी


॥ श्री ॥

१५ नोव्हेंबर

चि. ठकीस आशीर्वाद. घेशील तर घे.

पत्र पोचलं, पानं आठ. सोबत काही नव्हतं, आणि असायचं कारणही नव्हतं.

तू काय करावंस ते लिहिणार नाही. मी काय केलं ते लिहिते.

ते पत्र मीच लिहिलं. क्लासचा पत्ता तुझ्या पाकिटाच्या मागे होता. काकांनी हात धरला होता, तरी पोस्टात नेऊन टाकलं. घरी येऊन मला फार बरं वाटलं होतं, हे खरं सांगते. मॅट्रिकनंतर इतक्या वर्षांत माझं इंग्रजी कधी कुठल्या कामाला आलं नव्हतं. पहिल्यांदा आलं ते एका बाईची भाकरी काढून घ्यायला. "कपटी" हा शब्द डिक्शनरीत बघून घातला होता. सोपा शब्द येत होता, तरी जड शोधला. जिला मी पाहिलं नाही, जिचा आवाज ऐकला नाही, ती भिंतीला टेकून उभी आहे एवढ्यावरून मी तिची परीक्षा केली. दिवसभर उभं राहणारं माणूस भिंतीला टेकणार नाही तर काय करणार? आणि तिचा फोटो देवापुढे धरून मी काय मागितलं, ते तुला लिहिलं नव्हतं. आता देवघरात बसले की मलाच तोंड दाखवायला लाज वाटते.

ताईला काल सगळं सांगितलं. तिने तुझी सगळी पत्रं मागून घेऊन वाचली. मग म्हणाली, "तुला कोणी सांगितलं होतं मधे पडायला?" मी म्हटलं, कोणी नाही. ती म्हणाली, "ठकीने चिठ्ठ्या मुलांच्या दप्तरांतून काढल्या?" मी म्हटलं, माझ्या सांगण्यावरून. "तरी तिने काढल्याच ना," म्हणाली. हे तिचं बोलणं तुझ्यापासून लपवत नाही. मग डोळे पुसून म्हणाली, "परत यावं लागलं तर येऊ दे. इमारतीला काय सांगायचं ते मी बघते." तेव्हा त्या बाजूची काळजी करू नकोस.

त्या मोठ्या बाईंचं मात्र मी कधी विसरणार नाही. भिंतीवर दोघी लिहून वर्गात एक ठेवायची. दुसरीला फोनवर बसवायची. तिने खरं लिहिलं तर तिला घालवायचं, आणि घालवायला आमचेच हात वापरायचे. वर प्रेमाने बोलायचं. कोणी शिव्या दिल्या तर मला एवढं लागत नाही. मी त्यांना दुसरं पत्र लिहिलं आहे, रजिस्टरने पाठवलं, पावती माझ्याकडे आहे. त्यात लिहिलं आहे की पहिलं पत्र मी काही माहिती नसताना लिहिलं, त्यातला प्रत्येक शब्द मी मागे घेते, आणि ते कोणाच्याही दाखल्याला जोडलेलं असेल तर ते काढून टाकावं. या वेळी डिक्शनरी उघडली नाही. त्याची नक्कल सोबत आहे. पहिल्या पत्राची नक्कल मी ठेवली नव्हती, यावरूनच मला समजायला हवं होतं.

दुसरा कागद जोडीच्या बाईंसाठी आहे. साध्या इंग्रजीत आहे, त्यांना वाचता येतं असं तू लिहिलंस. आधी तू वाच. एखादं वाक्य मी स्वतःला सोडवून घेण्यासाठी घातलं आहे असं वाटलं तर ते खोड, मला विचारू नकोस. त्यांची जी चिठ्ठी तू मला पाठवली होतीस ती पण आत आहे. ती ज्या मुलाच्या दप्तरातली, त्याच्या घरी जाऊ दे. ती आपली नव्हतीच.

पत्र पोचेपर्यंत तुझा सोमवार होऊन गेलेला असेल. कागद मागे घेतलास का, पालक आले का, मोठ्या बाई काय म्हणाल्या, परवान्याचं काय, हे सगळं लिही. आणि त्या बाईंच्या घरी गेलीस ते लिही. त्यांनी दार उघडलं का? आत बसवलं का? माझ्या समाधानासाठी गोड तेवढं निवडून लिहू नकोस. त्या रागावल्या असतील तर जे बोलल्या ते जसंच्या तसं लिही. कोणीतरी वाचून दाखवणारं घेऊन जा, हातवाऱ्यांवर सोडू नकोस. त्यातलं तुझ्या वाट्याचं तू ठेव. माझ्या वाट्याचं वेगळ्या कागदावर उतरव आणि उलट टपाली पाठव. तिकिटं कमी पडली तरी चालतील, दंड मी भरीन.

तुझी मावशी